टकाटक कंडिशनची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे. मला गंजकी म्हणा, खटारा म्हणा, मी रागावणार नाही. फक्त ‘टकाटक कंडिशन’ म्हणू नका. हे दोन शब्द माझ्या फोटोखाली लिहून मालकाने मला विकायला काढलं आणि तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. अंगाने सडपातळ, टायर बारीक, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. गिरगावच्या अभिषेकने मला घरी आणलं तेव्हा त्याच्या आईने विचारलं, "अरे, हिला कॅरिअर नाही? मग भाजी कुठे ठेवायची?" सगळे हसले. मला मात्र राग आला. मी काय भाजीसाठी जन्मले होते? पहाटे अभिषेकबरोबर निघाले की पेडर रोडचा चढ मी एका दमात चढायची आणि थेट वरळीचा समुद्र बघून परतायची. सिग्नलला मोटारीतली माणसं काच खाली करून माझ्याकडे बघत. त्या दिवसांत मी थोडी शेफारलेच होते.

मग भायखळ्याला एका खड्ड्याने आम्हा दोघांना आडवं केलं. अभिषेकचा हात मोडला. त्याला बघायला आख्खी बिल्डिंग आली, मला बघायला कोणी आलं नाही. पुढे माझं वाकडं चाक बदललं गेलं. पण हँडलखालून पेडलकडे उतरणारी जी जाड नळी असते, तिला वरच्या टोकाशी एक बारीक तडा गेला होता. ती नळी तुटली तर सायकलचे दोन तुकडे होतात. अभिषेकला तडा दिसला. त्याने त्यावरून बोट फिरवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि लालबागहून आणलेलं गणपतीचं स्टिकर त्यावर चिकटवून टाकलं. घरच्यांना तो काही बोलला नाही. मला गॅलरीतल्या हुकाला टांगलं आणि विसरून गेला.

टांगून राहणं फार वाईट असतं, मित्रांनो. माझ्यावर ओले टॉवेल वाळले, एकदा तर कुरडयांची पिशवी लटकली. खालून कुणाच्या सायकलची घंटी ऐकू आली की माझी चाकं उगाच हलायची. कोणीही यावं आणि मला खाली उतरवावं, एवढंच मला वाटायचं.

आणि फोटोखालचे ते दोन शब्द वाचून एका रविवारी किर्ती आली. वरळीच्या कोळीवाड्यातली, कॉलेजात शिकणारी मुलगी. विद्यापीठाची सायकल शर्यत जवळ आली होती आणि तिच्याकडे स्वतःची सायकल नव्हती. नव्या सायकलची किंमत ऐकूनच तिने तो नाद सोडला होता. मी मात्र स्वस्त होते. सोबत तिची आई होती, दुर्गा, मासळी विकणारी. तिने आल्याआल्या माझा टायर अंगठ्याने दाबून पाहिला, वाकून साखळीचा वास घेतला.

"आये, सुरमई नाही ती!" किर्ती कुजबुजली.

"गप गं. माल तो माल."

किर्तीने मला खाली गल्लीत नेलं. ती बसली आणि मी सगळं दुःख विसरले. काय हलकी चालवत होती पोर! पण तिने जोर लावला की माझ्या नळीतून आवाज यायचा, टक्. मला तो आवरता येईना, आणि खरं सांगायचं तर आवरायचाही नव्हता.

"दादा, हा आवाज कसला?"

"गिअरला तेल नाही गं. दुसरं काही नाही," अभिषेक म्हणाला.

तिने वाकून माझी नळी चाचपली. तिचं नख स्टिकरच्या कडेला लागलं. काढ, बाई, काढ, असं मी मनात ओरडले. पण चित्र गणपतीचं होतं. तिने पटकन नख मागे घेतलं आणि बोटं छातीला लावली. देवाला कोण खरवडणार? व्यवहार ठरला. शर्यतीच्या उतारावर ही मुलगी माझ्यावर बसलेली असेल, या विचाराने मी हादरून गेले.

तेवढ्यात दुर्गा म्हणाली, "पोरा, तुमचा बाप्पा काढून घ्या."

"राहू दे ना काकी. रक्षण करेल तिचं."

"करेल की. पण तो तुमच्या घरचा. पैसे मोजून सायकल घेतो, देव नाही घेत. तुमच्या हातानं काढा."

"आये, स्टिकर आहे नुसतं," किर्ती म्हणाली.

"रंग निघेल, काकी."

"निघू दे. होडीला दर साली लावतो, हिलापण लावू."

अभिषेकला आता पळवाट उरली नाही. त्याने नखाने स्टिकर सोलून काढलं. तडा उघडा पडला. खड्ड्याच्या दिवशी होता त्याहून तो लांबला होता. किर्तीने त्यावर बोट ठेवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मी सांगणार होतो," अभिषेक म्हणाला.

"कधी?" दुर्गाने विचारलं. "माझी एकच पोर आहे रे."

त्या दोघी निघून गेल्या. कोपऱ्यापर्यंत किर्ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. शर्यत हुकल्याचं दुःख तिला होतं आणि ती वाचल्याचा आनंद मला होता. तरी मला रडूच आलं. इतकं छान मला कोणीच चालवलं नव्हतं.

अभिषेक वाईट मुलगा नाही. त्याने दोन दिवस माझ्याकडे पाहिलंही नाही. पण काल पुन्हा फोन आला. "सायकल आहे का अजून?" कोणीतरी विचारलं.

"आहे," तो म्हणाला. "पण..." एवढं बोलून तो थांबला. मी कान टवकारून ऐकत होते. पलीकडून किंमत विचारली गेली, आणि त्याने किंमत सांगितली.

मित्रांनो, तो फोन तुमच्यापैकी कुणाचा असेल तर माझं ऐका. मला रस्त्यावर यायचं आहे, फार फार यायचं आहे. तरीही मला घेऊ नका.