मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे. आजवर मी चार हजार माणसांचे प्राण वाचवले आहेत. हा आकडा मास्तरांचा आहे. मास्तर तो दर सोमवारी थोडा वाढवून सांगत, त्यामुळे मित्रांनो, आपापल्या स्वभावाप्रमाणे त्यातून काही वजा करून घ्या.

ब्रेक तर प्रत्येक गाडीला असतो, मग याचेच आत्मवृत्त का ऐकायचे, असे तुम्हाला वाटेल. पण मी दुसरा ब्रेक आहे. गाडी शिकवणाऱ्या शाळेच्या गाडीत शिकणारा स्टिअरिंगच्या चाकामागे बसतो आणि शिकवणारा त्याच्या शेजारी. त्या शेजारच्या माणसाच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला असतो, तो मी. एका गॅरेजात जाड पत्रा कापून मला घडवले, वर रबराचा तुकडा चिकटवला आणि खऱ्या ब्रेकशी एका तारेने माझे नाते जोडून दिले. सख्खे नव्हे, चुलत म्हणा हवे तर.

मास्तरांनी मला सतरा वर्षे जीव लावला. रोज सकाळी ते आधी मला फडक्याने पुसत आणि मग आरशाला हात लावत. शिकणारा घाबरायच्या आतच त्यांचा बूट माझ्यावर येई, गाडी थांबे आणि मास्तर शांतपणे म्हणत, "मी होतो म्हणून." या वाक्याचा पुढचा अर्धा भाग त्यांनी कधीच उच्चारला नाही. गाडी आपण थांबवली की मास्तरांनी, हे शिकणाऱ्यालाही कधी कळत नसे. परीक्षा पास झालेले लोक त्यांचे आभार मानून जात. एकाने तर वाकून मलाही हात लावला होता. जन्मभर बुटाखाली राहणाऱ्याला हाताचे मोल विचारा. त्या गृहस्थांचा मी आजही ऋणी आहे.

मग काकू आल्या. वय बासष्ट. काकांना आठवड्यातून तीनदा रुग्णालयात न्यावे लागे आणि दर वेळी शेजाऱ्यांच्या गाडीसाठी त्यांच्या दारात उभे राहून काकूंना संकोच होई. म्हणून त्या गाडी शिकत होत्या. परीक्षा शुक्रवारी होती. गुरुवारी दुपारी शेवटचा सराव ठरला होता आणि त्याच दुपारी मास्तर एका मित्राच्या निवृत्तीचे जेवण जेवून आले. जेवणाआधी बरेच काही प्यायलेही होते.

"मास्तर, वास येतोय," काकू म्हणाल्या.

"काकू, चालवणार तुम्ही. मी नुसता बसणार. बसायला काय लागतं?"

काकूंना हे पटले नाही. पण उद्याची परीक्षा चुकली, तर पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळणार होती. त्या बसल्या. पट्टा त्यांनी लावला. मास्तरांनी लावला नाही. पट्टा शिकणाऱ्यांसाठी असतो, असे त्यांचे मत होते.

चौकाआधी पांढरे पट्टे आहेत. त्यांवरून एक रंगारी कुबड्यांवर रस्ता ओलांडत होता. त्याचा एक पाय प्लास्टरमध्ये होता. काकूंनी त्याला उशिरा पाहिले. नेहमीच्या सवयीने त्यांनी मास्तरांकडे नजर टाकली. मास्तरांचे डोळे मिटलेले होते. तेव्हा काकूंनी आपला ब्रेक सगळ्या अंगाचा भार देऊन दाबला.

गाडी कुबडीपासून वीतभर अंतरावर थांबली. मास्तर मात्र थांबले नाहीत. त्यांचे नाक समोरच्या डॅशबोर्डवर आपटले आणि त्यानंतर त्यांचा बूट माझ्यावर पडला. तोवर रंगाऱ्याचे बोलणे सुरूही झाले होते.

"अहो, एक पाय गाडीवाल्यानंच मोडलाय! दुसरा राहू द्या की, घरी जायला लागतो!"

मास्तरांनी नाकाला रुमाल धरला. "मी होतो म्हणून," ते म्हणाले.

"मास्तर, ब्रेक मी दाबला," काकू म्हणाल्या.

"सगळ्यांना असंच वाटतं, काकू."

एवढ्यात चौकातल्या हवालदार बाई आल्या. काकूंनी दारू तपासायच्या यंत्रात फुंकले, शून्य आले. मग नळी बदलून यंत्र मास्तरांपुढे आले.

"मी कशाला? मी बाजूला बसणारा माणूस," मास्तर म्हणाले. "चाक कुणाच्या हातात आहे बघा ना."

बाईंनी चाकाकडे पाहिले, काकूंकडे पाहिले, शेवटी खाली माझ्याकडे पाहिले. "मग गाडी थांबवली कुणी?"

काकू तोंड उघडणार, तोच मास्तरांनी छातीवर हात ठेवला. "मी! सतरा वर्षं मीच थांबवतोय."

"म्हणजे गाडी तुमच्या ताब्यात होती. फुंका."

आलेला आकडा मास्तरांना वाढवून सांगण्यासारखा नव्हता. तो आधीच मर्यादेच्या दुप्पट होता.

खटला उभा राहिला. वकिलांनी सुचवले, ब्रेकला पायच लावला नाही म्हणा. मास्तर म्हणाले, "प्यालो ही चूक. पण ब्रेक मी दाबलाय, ते नाकारणार नाही." परवाना सहा महिने गेला. काकू मात्र शुक्रवारी दुसऱ्या शाळेच्या गाडीतून परीक्षा पास झाल्या आणि आता काकांना स्वतः घेऊन जातात. मास्तरांचे नाक किंचित डावीकडे वळले आहे. ते आता पीत नाहीत, बसताक्षणी पट्टा लावतात आणि पहिल्या दिवशीच प्रत्येकाला बजावतात, "तुमचा पाय तुमचाच."

मित्रांनो, माझी कोणाबद्दल तक्रार नाही. काकूंच्या पायाचे आभार, हवालदार बाईंच्या प्रश्नाचे आभार. रंगाऱ्याचा दुसरा पाय शाबूत आहे, त्याबद्दल तर कोणाकोणाचे आभार मानू! तुम्ही पिऊन चाकामागे बसू नका आणि प्यायलेल्याच्या भरवशावरही बसू नका. ब्रेक वेळच्या वेळी तपासून घ्या. आम्ही स्वतःहून सांगत नाही.

परवाना परत मिळाल्यावर मास्तरांनी गाडी तपासणीला नेली. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि गंज पाहून म्हणाला की, या दुसऱ्या ब्रेकची तार त्या गुरुवारच्या वर्षभर आधीच तुटलेली आहे.