तिसरा मजला

माझ्या पोरीला, मुंगीला, कॉलेजच्या प्रवेशासाठी घेऊन मी घरातून निघालो, तेव्हा तिच्या आईने एकच गोष्ट सांगितली होती. "गेल्या गेल्या पुढच्या दारावर विचारा." मला रागच आला. एकोणीस वर्षं त्या कॉलेजचे नळ मी दुरुस्त करतोय, आणि मी विचारायचं? म्हटलं, त्या इमारतीची नस न् नस मला ठाऊक आहे. ती म्हणाली, "नस ठाऊक आहे, तोंड बघितलंय का कधी?" आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच असतो.

कॉलेजकडून आलेलं प्रवेशाचं पत्र साधं होतं. तिसरा मजला, सभागृह, अकराच्या आत, सोबत पालक. उशीर झाला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही. मुंगीने मात्र असे गुण आणले होते, की निकाल मी शेजाऱ्याकडून पुन्हा वाचून घेतला. पोरीवर विश्वास होता हो, डोळ्यांवर नव्हता.

मागच्या दाराने तिला आत नेलं. तळघरातल्या पंपाच्या खोलीपासून मोजत जिना चढलो. एक, दोन, तीन. तिथे रंगकाम अर्धवट पडलेलं, पाट्या उतरवून ठेवलेल्या. समोर मोठं बंद दार. "हेच," मी म्हणालो आणि बाकावर बसलो. दहा वाजले होते.

साडेदहा झाले तरी तिकडे कुणी फिरकेना. मुंगी हळूच म्हणाली, "बाबा, कुणाला विचारू का?"

"विचारायचं काय त्यात? मोठ्या लोकांचा कारभार, सावकाशच उघडणार."

कागदांची पिशवी तेवढी तिने छातीशी घट्ट धरली. ते मला दिसलं, तरी मी माझा हेका सोडला नाही.

पावणेअकरा होऊन गेले. सवयीने माझा हात कोपऱ्यातल्या सांडपाण्याच्या पाइपवर गेला, आणि चमकलोच. वरून पाणी धो धो येत होतं. सुट्टीचा दिवस, वर्ग बंद, मग एवढे नळ कोण सोडतंय? कान लावला. एकाचं थांबतंय तोवर दुसऱ्याचं सुरू. वर माणसं होती, शे-दोनशे तरी.

मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही नळवाले मजले मोजतो ते खालच्या पंपाच्या खोलीपासून. पाणी तिथून निघतं, म्हणून तळघर आमचा पहिला, तळमजला दुसरा. आमचा तिसरा म्हणजे बाकीच्यांचा पहिला. आणि पत्र काही नळवाल्याने लिहिलेलं नव्हतं.

"मुंगे, पळ," मी म्हणालो. "दोन मजले वर. माझी चूक झाली."

ती हरणासारखी सुटली. माझे गुडघे बोंबलत होते, तरी मागोमाग पोचलो. भिंतीवरच्या घड्याळात अकराला तीन मिनिटं कमी होती.

आणि मी जागीच थिजलो. या सभागृहाच्या भिंतीमागे, पोकळीत आडवं पडून मी किती पाइप बदलले असतील. भिंतीच्या या बाजूला कधी आलो नव्हतो. छत बघायला मान मोडेल इतकं उंच. खिडक्यांमधून ऊन थेट फरशीवर उतरलेलं. एवढी मुलं बसलेली, कुणाचे बूट चकचकीत, कुणाची चप्पल शिवलेली, आणि सगळ्यांच्या हातात तेच पत्र.

टेबलामागच्या बाईंनी मुंगीला विचारलं, "वडील काय करतात?"

नुसतं 'नोकरी' म्हण, असं मी तिला घरून पढवून आणलं होतं.

"या कॉलेजचं पाणी माझे बाबा सांभाळतात," ती म्हणाली. चांगलं खणखणीत, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बसा ना," म्हणाल्या आणि मुंगीपुढे सहीचा कागद सरकवला. तिने सही केली. घड्याळात एक मिनिट उरलं होतं.

मी खुर्चीवर टेकलो. मुंगी कुठूनशी पेला घेऊन बाहेरच्या नळावर गेली. आम्हा कामगारांचा नळ खाली, पंपाच्या खोलीबाहेर. वरच्या नळाला तोंड लावायची आम्हाला परवानगी नाही. हा नळ मीच बसवलेला, आत पाणी मीच चढवलेलं.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "आता माझं कॉलेज आहे."

इकडेतिकडे न बघता मी सगळा पेला प्यायलो.