दुसऱ्याच्या नावानं

"हे उठलं, हे उठलं, हे वाकडं, हे झोपलं…"

ओल्या कागदाची गुंडाळी उलगडता उलगडता वामनरावांचा हात थांबला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आवाज सात वर्षांपूर्वीचा होता, तेव्हा याच टेबलावर बसणाऱ्या पुष्पांजलीचा. सोयाबीनचे कोंब मोजताना ती असंच गुणगुणायची. उगवलेला दाणा डावीकडे सारायची, न उगवलेला उजवीकडे, आणि वाकड्या कोंबाला बोटानं हळूच टिचकी मारायची, रुसलेल्या लेकराला मारावी तशी.

वामनराव मनातल्या मनात मोजत. एका लॉटच्या, म्हणजे बियाण्याच्या एका खेपेच्या, चार गुंडाळ्या, एकेका गुंडाळीत शंभर दाणे. चारही उघडायच्या, प्रत्येक दोनदा मोजायची. बियाणे केंद्रातले लोक म्हणत, बुढ्याचा विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर नाही.

"काका, येऊ का?"

दारात रेवती उभी होती, काखेत लॅपटॉप. केंद्रात नवं सॉफ्टवेअर बसवायला पुण्याच्या कंपनीनं तिला पाठवलं होतं. तीन दिवसांपासून ती एकेकाजवळ बसून कोण काय काम करतं ते लिहून घेत होती.

"ये बाई. फक्त तो ट्रे सांभाळजो. आठ दिवसांची मेहनत हाय त्याच्यात."

ती स्टूल ओढून बसली. "सकाळी आल्यापासून तुम्ही काय काय करता, सगळं सांगा. घाई नाही."

"तू इकडचीच वाटतं."

"जानेफळची. पुण्यात राहून भाषेले इस्तरी झाली, तेवढंच."

वामनराव हसले. हसल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मग ते सांगत गेले. कुलूप उघडण्यापासून सुरुवात केली. पोत्यातून नमुना कसा काढतात, कागद किती ओला ठेवायचा, पंखा कोणत्या दिवसांत बंद ठेवायचा. मध्येच गोदामातल्या मांजरीचंही सांगून टाकलं. रेवती सगळं लिहीत होती, मांजरसुद्धा. मेहकरच्या त्यांच्या खोलीत एक गॅस होता आणि एक ताट. आज काय केलं, असं विचारणारं तिथं कोणी उरलं नव्हतं. मुलगा विहंग नाशिकला. दर रविवारी त्याचा फोन येई आणि तब्येतीपाशी सुरू होऊन तब्येतीपाशीच संपे.

"म्हणजे उगवण मोजता तुम्ही, आणि लॉट पास करता तेही तुम्हीच?"

"हाव."

"आता ते जमणार नाही, काका. नव्या पद्धतीत प्रत्येकाचं स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड, आणि त्या नावाला नेमून दिलेलं तेवढंच काम. कोणी फक्त पाहायचं, कोणी भरायचं, कोणी मंजूर करायचं. भरणारा आणि मंजूर करणारा एकच निघाला तर मशीन पुढं जाऊ देत नाही. तुम्ही मंजूर करा. मोजायले दुसरा माणूस येईल. साहेब भरती करून राह्यले ना."

"बरं हाय," वामनराव म्हणाले.

"शेवटचा प्रश्न, सगळ्यांनाच विचारते. दुसऱ्याच्या नावानं कधी काम केलं का?" ती स्वतःच हसली. "तो काट्यावरचा भागवत म्हणे, आमचा सारा वजनकाटा माह्या साळ्याच्या नावानं चालते, अन साळा तीन वर्षं झाले दुबईत हाय!"

वामनरावांनी समोरची गुंडाळी पुन्हा घट्ट वळली. वळलेली पुन्हा सोडली.

"नाही," ते म्हणाले.

रेवतीनं त्या रकान्यात खूण केली आणि आभार मानून उठली. ती गेल्यावर खोलीत पंख्याचा तेवढा आवाज राहिला. ओल्या कागदाचा वास राहिला.

सात वर्षांपूर्वीचा तो शनिवार होता. पुष्पांजलीची आई पिंपळगाव राजा या गावी घरात पडली होती. हजेरीपटावर सही करून ती दहाच्या गाडीला निघाली होती. सही करायची आणि निघायचं, ही तिथली जुनी सवय. रजेचा अर्ज लिहीत बसायला कोणाला वेळ असायचा? निघताना दारातून म्हणाली होती, "काका, आज त्या लॉटचा आठवा दिवस. मोजून माह्या नावानं टाकून द्या. सोमवारी येतोच मी." तिचा पासवर्ड सगळ्यांनाच माहीत होता. सगळ्यांचे सगळ्यांना माहीत होते.

फाटकाशी ट्रक उभा होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वामनराव तेव्हा गोदाम सांभाळत. त्यांना ट्रक भरून मोकळं व्हायचं होतं, आणि उगवणीची नोंद झाल्याशिवाय माल सुटत नसे. त्यांनी पहिली गुंडाळी उघडली, मोजली. अठ्ठ्याहत्तर. झकास आलं होतं बियाणं. उरलेल्या तीन गुंडाळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि तिच्या नावानं चारींपुढं अठ्ठ्याहत्तर भरले.

जुलैत दोन गावांतून तक्रारी आल्या. पेरलेलं निम्मंही वर आलं नव्हतं. चौकशी बसली. कॉम्प्युटर म्हणाला पुष्पांजली, हजेरीपट म्हणाला पुष्पांजली. तिनं एवढंच सांगितलं की त्या दिवशी मी नव्हते. मग नोंद कोणी केली, असं विचारल्यावर ती गप्प बसली. पंधरा दिवसांत तिला काढलं, आणि तिच्या टेबलावर वामनरावांना बसवलं. माणूस भरवशाचा, म्हणून.

तेव्हापासून ते डबा गोदामामागं एकटेच खात. कोणी जवळ बसलं की बोलणं निघतं. बोलता बोलता जीव मोकळा होतो, आणि मोकळ्या जिवाचा त्यांना भरवसा नव्हता.

पाच वाजता व्यवस्थापक प्रेमानंदांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. रेवती कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली होती.

"या वामनराव. मोजणीसाठी तीन अर्ज आले. तुमच्यासंगच काम करायचं हाय, तुम्हीच निवडा. उद्या मग म्हणू नका, साहेबांनं माह्या गळ्यात धोंडा बांधला."

पहिला अर्ज एका काजल नावाच्या मुलीचा होता, नुकतीच पदविका झालेली. दुसरा चिखलीकडच्या कोणाचा. तिसऱ्यावर फोटो होता. चेहरा भरला होता, कानामागं केस पांढरे झाले होते. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं: बियाणे तपासणी, चार वर्षे. त्यापुढं: साडीला फॉल-पिको, सात वर्षे. तेही तिनं त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, काही न लपवता.

प्रेमानंदांनी अर्ज ओढून घेतला.

"हे कोणं ठेवलं इथं? हिची हिंमत पाहा! दोन गावं उलटली होती आपल्यावर हिच्यापायी." त्यांनी कागद पालथा टाकला. "काजलले घेऊ. पोरगी चटपटीत वाटते. काय म्हणता?"

वामनरावांचा अंगठा शर्टाच्या गुंडीवर फिरत राहिला.

"सर," रेवतीनं मान वर केली, "जुन्या यादीत पुष्पांजली नावाची एक युझर अजून चालू दिसते. कोण या?"

"घ्या, नाव काढलं अन हजर! तीच ती. बंद करा."

"करते. फक्त कारण भरावं लागतं. अन जरा जपून सांगा, ते पुसता येत नाही. पुढं कधी संस्थेच्या कोणत्याही केंद्रात या बाईंचं नाव घातलं, की हे कारण आधी समोर येईल."

"येऊ द्या ना. चांगलंच हाय. लिहा, उगवणीची खोटी नोंद केली."

रेवती टाइप करू लागली. खिडकीबाहेर ट्रकचा मागचा फाळका धाडकन पडला, हमाल काहीतरी ओरडला. केबिनमध्ये कळांची टकटक तेवढी ऐकू येत होती. वामनरावांना वाटलं, आता कळ दाबली जाईल, मग निवृत्तीपर्यंतचे सहा महिने जातील, मग निरोपाचा नारळ आणि शाल, आणि मग कोणी कधी काही विचारणारच नाही. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"नोको लिवू, बाई."

रेवतीचा हात थांबला.

"ती नोंद तिची नाही. म्या केली होती. ट्रक उभा होता. चारातली एक गुंडाळी उघडली अन बाकीच्या तशाच फेकून देल्ल्या. अन दुपारी तू विचारलं, तं तुलेबी नाही म्हटलं."

प्रेमानंदांनी आधी उठून दार लावलं.

"वामनराव, सहा महिने राह्यले तुमचे," ते हळू आवाजात म्हणाले. "काऊन उकरून राह्यले आता? तुम्ही घरी जा. आम्ही काही ऐकलंच नाही समजा."

"ऐकलं पाह्यजे."

"अहो, पण मंग तिनं तेव्हाच काऊन नाही सांगतलं? तिले तं मालूम असंल ना, आपल्या नावानं कोण बसलं होतं ते? चौकशीत चार माणसं विचारून राह्यले होते तिले. एक शब्द बोलली नाही ते बाई."

वामनरावांनी टेबलावरचा पालथा कागद उचलला आणि सरळ करून ठेवला. फोटोकडे पाहिलं नाही.

"चौकशीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता मले," ते म्हणाले. "म्हणे, काका, उद्या मी सांगू का तुम्ही सांगता?"

रेवतीनं लॅपटॉपवरचे हात काढून मांडीवर घेतले होते.

"म्या म्हटलं, तू नोको बोलू. मी सांगतो."