नळीतलं पाणी

मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले गॅसचे बर्नर पेटायचे, पाचेक मिनिटं नीट जळायचे, मग ज्योत उड्या मारायची आणि फुस् करून विझायची. सोमवारी इन्स्पेक्ट्रेस मडम तपासणीला येणार होत्या. विज्ञान शिकवणाऱ्या विशालाक्षीबाईंनी सगळा राग काढला तो वैद्यनाथ पत्तरवर.

मद्रासहून आणलेले जुने बर्नर झिजले म्हणून नाचियारकोविल गावच्या या पत्तरानं, म्हणजे समया ओतणाऱ्या कारागिरानं, नमुन्याबरहुकूम सहा नवे करून दिले होते. शाळेचे सेक्रेटरी हनुमंतराव आणि वर्गभर मुली यांच्यासमोर विशालाक्षी त्याला म्हणाली, "पत्तर, ही समई नव्हे. इथं केसाएवढं भोक वाकडं चालत नाही." तो सहाही बर्नर अंगवस्त्रात गुंडाळून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तिनं मद्रासचा एक जुना बर्नर लावून पाहिला. तोही विझला. म्हणजे दोष बर्नरचा नव्हता.

मागच्या अंगणात घासलेटापासून गॅस करायचं यंत्र होतं. त्याची नळी पूर्वी ओसरीवरून सरळ यायची, आणि खाली मुलींच्या पिण्याच्या पाण्याच्या घागरी असायच्या. पाणी भरणारी गोदा एकदा म्हणाली होती, "अक्का, मी सोवळ्यानं भरल्यालं पाणी हे. त्याच्यावरनं घाण तेलाची नळी?" विशालाक्षी हसली होती. पण त्या दिवसापासून त्या घागरीतलं पाणी तिच्याही घशाखाली उतरेना. सुट्टीत तिनं गुपचूप नळी खाली घेतली, घागरींमागून जमिनीलगत नेऊन पुन्हा वर चढवली. हनुमंतरावांना सांगितलं, खाली असली की नळीची झाडलोट सोपी जाते.

गॅस दमट असतो. नळीच्या सखल भागात ती ओल साठते आणि वाट अडते. हेच तिनं काचेची नळी वाकवून मुलींना शिकवलं होतं. आणि इतके दिवस त्या कोपऱ्याकडे तिनं पाहिलंच नव्हतं, कारण पाहायचं नव्हतं. तिनं खालचा सांधा सोडला. तांब्याभर कुबट पाणी निघालं.

शनिवारी दुपारी, हनुमंतराव आणि मुली वर्गात असताना, पत्तर आला. "अम्मा, सहाही नवे ओतले. आता विझले तर माझी भट्टी अरसलार नदीत टाका!"

सहाही पेटले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ज्योती हलल्या नाहीत.

"पाहिलंत, बाई?" हनुमंतराव खूश होऊन म्हणाले. "खुंटी पिळल्याबिगर तंबोरा सुरात येत नाही!"

पत्तरही हसला. "वय झालं, सामी. हात कापतो आता."

"आधीचे सहा कुठं आहेत?" विशालाक्षीनं विचारलं.

"वितळवले, अम्मा. खोटी वस्तू घरात ठेवू नये."

म्हणजे आता कुणालाच काही कळणार नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते खोटे नव्हते," ती म्हणाली. "नळीत पाणी साचलं होतं. परवा काढलं. नळी मी खाली घेतली होती."

"झाडलोटीसाठी," हनुमंतराव घाईनं म्हणाले.

"नाही. पिण्याच्या पाण्यावरून जात होती म्हणून."

कुणीतरी मुलगी खुदकन हसली. दारात गोदा घागर कडेवर घेऊन उभी होती. तिनं मान फिरवली. हनुमंतराव घसा खाकरत खिडकीपाशी गेले.

पत्तरनं एका बर्नरवरून बोट फिरवलं. "मला इथं सांगून काय होणार, अम्मा? बर्नर परत नेले तेव्हा भट्टीपाशी माझा जावई होता, चार घरचे पत्तर होते. त्यांच्यासमोर मी म्हणालो, माझा हात चुकला."

"मी येते. त्यांना सांगते."

"तुम्ही?"

"आजच."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. "साडेचारची बस मिळेल," तो म्हणाला.

बसमध्ये तो पुढं बसला, ती मागं बायकांच्या बाकावर. दोन्ही बाजूंनी भातशेतं सरकत होती. नाचियारकोविल येईपर्यंत तो एकदाही मागं वळला नाही, आणि ते बरंच झालं असं तिला वाटलं.