चार भाषांची पाटी

मी एक जुनी दगडी पाटी आहे, मित्रांनो, आणि मला अजून भीती वाटते. पाटीला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. हातातून निसटली की तुकडे, ही भीती तर प्रत्येक पाटीला असतेच. माझी भीती वेगळी आहे. माझ्या अंगावरच्या एका ओळीमुळे एकदा तीन माणसांचा जीव जाणार होता.

माझा दगड इंग्लंडकडच्या डोंगरातला. मिस विनिफ्रेड नावाच्या बाईंनी मला लोकरी मोज्यांत गुंडाळून, ट्रंकेत घालून रशियात आणलं. झारच्या एका लांबच्या चुलत घराण्यात मुलांना सांभाळायला त्यांना बोलावलं होतं. राजवाडा समुद्राकाठी होता. वेरा तेव्हा चार वर्षांची होती. तिचा भाऊ ग्लेब पुढच्या वर्षी जन्मला. तिथल्या सुताराने मला बर्चच्या लाकडाची चौकट बसवली आणि माझा अभ्यास सुरू झाला.

हो, माझाच म्हणायचा. त्या घरात मुलं आईशी आणि मिस विनिफ्रेडशी इंग्रजीत बोलत. जेवणाच्या टेबलावर फ्रेंच. बुधवारी आजीकडे जर्मन. रशियन फक्त वडिलांशी, नोकरांशी आणि देवाशी. या चारही भाषा माझ्यावर लिहिल्या गेल्या, चुकल्या, पुसल्या गेल्या. वेराचं अक्षर मोत्यासारखं होतं. पाहुण्या बायका मला हातोहात फिरवत आणि तिचे उच्चार ऐकून हरखून जात. तिचा ‘र’ तर घशातून यायचा, अगदी फ्रेंच वळणाचा. त्या ‘र’चं फार कौतुक व्हायचं.

मग जर्मनीशी युद्ध सुरू झालं. एका सकाळी मिस विनिफ्रेडनी माझ्यावरची जर्मन कविता स्वतःच्या हाताने पुसली. त्यानंतर ती भाषा माझ्यावर कधी उमटली नाही. आजीच्या खोलीतही कुणी ती बोलेना. काल जिच्यासाठी शाबासकी मिळायची, ती भाषा आज शत्रूची झाली होती. मित्रांनो, मी पहिल्यांदा घाबरले ती त्या सकाळी.

पुढचं सगळं भराभर घडलं. वेराचे वडील आघाडीवर मारले गेले. झारची गादी गेली. मिस विनिफ्रेडना त्यांच्या देशाने परत बोलावून घेतलं. जाताना त्या ग्लेबला कडेवरून खाली ठेवायला तयार नव्हत्या. आणि उन्हाळ्यात एका दुपारी राजघराण्यातल्या माणसांना शोधत नव्या सरकारचे बंदूकवाले आले आणि मुलांच्या आईला घेऊन गेले. ती पुन्हा कुणालाच दिसली नाही. मुलं तेवढी वाचली, कारण ती त्या वेळी धोबीघरात वाळत घातलेल्या चादरींमध्ये लपंडाव खेळत होती. धोबीण अगाफ्याने त्यांना तिथेच दाबून धरलं, आणि मग मळक्या कपड्यांच्या गाडीत घालून शहरातल्या आपल्या खोलीवर नेलं. वेराने छातीशी धरलेली मीही गेले.

त्या खोलीची भिंत फळ्यांची होती. पलीकडे राहणारा माणूस इमारतीतल्या लोकांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी घरसमितीत होता. तो खोकला तरी आम्हाला ऐकू यायचं, म्हणजे आमचंही त्याला ऐकू जात असणार.

पहिल्याच दिवशी अगाफ्या वेरासमोर हात जोडून हळूच म्हणाली, “राजकन्येसाहेब, आजपासून मी तुम्हाला अगं-तुगं करणार. देवा, मला क्षमा कर.” आणि त्याच दमात मोठ्याने ओरडली, “अगं ए, दारात काय उभी राहिलीस खांबासारखी? आत हो!”

वेरा आत झाली. तिला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. पण ती दहा वर्षांची होती आणि तिला सगळं कळत होतं.

खरी पंचाईत निराळीच होती. या मुलांची रशियन म्हणजे पुस्तकातली आणि प्रार्थनेतली. वेराने संध्याकाळी विचारलं, “आजी, कृपा करून मला थोडा पाव मिळू शकेल का?”

अगाफ्याने कपाळावर हात मारला. “बाहेर असा मागितलास तर पाव नाही, गोळी मिळेल. म्हण, आजे, भूक लागलीय, दे की काहीतरी.”

अशी वेराची पाचवी भाषा सुरू झाली. धोबीघाटावरची, बाजारातली, शिव्यांची. अगाफ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी इतकी कडक शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही. सगळ्यात कठीण होता तो ‘र’. वेरा माझ्यावर ते अक्षर शंभर वेळा गिरवायची आणि जीभ टाळूला थडकवत पुटपुटायची. कौतुकाचा तो ‘र’ ऐकला की कुणीही राजवाडा ओळखला असता, तो आता गळ्यातला फास झाला होता. आठवडे गेले, पण ती घाबरली की तो परत घशात शिरायचा.

ग्लेबचं काय करायचं हे मात्र कुणालाच कळेना. तो पाच वर्षांचा होता आणि भीती वाटली की त्याला फक्त इंग्रजी आठवायचं. आईची भाषा ती. तो तोंड उघडू लागला की वेरा त्याच्या तोंडावर हात ठेवायची आणि मला पुढे करायची. मिस विनिफ्रेडनी त्याला सोपे शब्द वाचायला शिकवले होते. वेरा माझ्यावर इंग्रजीत दोन-तीन शब्द लिहायची, तो वाचायचा, मान हलवायचा, आणि ती लगेच पुसायची. बोललेलं भिंतीपलीकडे जातं, माझ्यावरचं पुसता येतं. घरात माझा एवढा मोठा उपयोग होता आणि मला त्याचा अभिमान वाटत नव्हता. लेखणी टेकली की माझं अंग गार पडायचं.

हिवाळ्यात हिल्मा नावाच्या फिनिश दूधवालीने देशाबाहेर पडायची वाट काढली. तिचं गाव सरहद्दीपलीकडे फिनलंडमध्ये होतं आणि तिला जंगलातली पायवाट ठाऊक होती. आम्ही आगगाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत यायचं आणि तिने पुढे न्यायचं, असं ठरलं.

गाडीत ग्लेबला ताप चढला. स्टेशन जवळ आलं तसं वेराने खिडकीकडे पाठ करून माझ्यावर इंग्रजीत लिहिलं, ‘एकही शब्द बोलू नकोस.’ ग्लेबने वाचलं. तेवढ्यात दार उघडलं. वेराने मला कोरड्या बाहीने घाईघाईत पुसलं आणि गाठोड्यात खुपसलं. पण मला कळत होतं, ओळ गेलेली नाही. पांढुरकी, पण वाचता येईल अशी ती माझ्या अंगावर तशीच होती.

फलाटावर भर दुपारी, बर्फात, सगळ्यांची गाठोडी उघडली जात होती. एका दाढीवाल्या सैनिकाने मला बाहेर काढलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने मला बाकावर टाकलं. मी सुटले, असं वाटलं.

आणि ग्लेब बोलला. तापाने लाल झालेलं तोंड वर करून, स्पष्ट इंग्रजीत.

सैनिकाने विचारलं, “हे काय बोलला पोरगा?”

वेरा पुढे आली, कमरेवर हात ठेवून. “चुखोनी बोलतोय,” ती म्हणाली. शहरात फिनलंडच्या लोकांना तुच्छतेने तसं म्हणत. “याची आई चुखोनी होती, दूध विकायची. आमच्या बापाने दुसरी केलेली. ती मेली आणि हे लोढणं आमच्या गळ्यात.”

त्या बोलण्यात किती ‘र’ होते मला सांगता येणार नाही. एकही घशातून आला नाही.

सैनिक हसला. पण सोडलं नाही त्याने. “थांब. आमच्यातही एक चुखोनी आहे. तौनो, इकडे ये. तुझ्या मुलखातलं पोर बघ.”

तौनो आला. उंच, थकलेला माणूस. त्याच्या मनगटावर निळा नांगर गोंदलेला होता. वेराने तो पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. जहाजांवर फिरलेल्या माणसाला इंग्रजी कळतं.

तो ग्लेबसमोर उकिडवा बसला आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलला. ग्लेबला ते कळलं नाही. त्याने आधी जे म्हटलं होतं तेच पुन्हा इंग्रजीत म्हटलं, आणि रडू लागला. तौनोने मान वर केली. त्याची नजर बाकावर गेली. त्याने मला उचललं आणि माझ्यावर पुसट राहिलेली ओळ वाचली. मला त्याचे ओठ हलताना दिसले. त्या क्षणी मला वाटलं, मी इथेच पडावं आणि माझा चुरा व्हावा.

त्याने वाकून मूठभर बर्फ घेतलं आणि मला पुसलं. पूर्ण पुसलं, कोपऱ्यांपर्यंत. तो पकडला गेला असता तर त्यालाही तिथेच गोळी घातली असती.

“आमचीच भाषा आहे,” तो रशियनमध्ये म्हणाला. “पोर तापलंय. पाणी मागतंय.”

“एवढंच?” दाढीवाल्याने विचारलं.

“एवढंच.”

आणि ते खरंच होतं. ग्लेब पाणीच मागत होता.

तौनोने त्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. मला वेराच्या हातात देताना तो हळूच म्हणाला, “पाटी कोरडी पुसू नये, पोरी. अक्षर राहतं.”

हिल्माच्या मागोमाग आम्ही सरहद्द ओलांडली. हिल्माच्या गावात दूध होतं, शेकोटी होती, भिंती जाड लाकडाच्या होत्या. पण ग्लेब अकरा महिने बोलला नाही. वेराने चारही भाषांत त्याला हाक मारली, पाचव्या भाषेत शिव्या घालून पाहिल्या. तो नुसता पाहत राहायचा. मग एकदा गोठ्यात हिल्माच्या गाईने त्याचा पाय दाबला, आणि तो तिला फिनिशमध्ये ‘सरक’ म्हणाला. अगाफ्या डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसत म्हणाली, “बोलला ना, मग कशात का बोलेना.”

वेरा पुढे शाळेत भाषा शिकवू लागली. ग्लेब लाकडाच्या वखारीत रमला, त्याला मुलंबाळं झाली. पण आईशी तो ज्या भाषेत बोलायचा, ती भाषा त्याने पुन्हा कधी ओठांवर आणली नाही. कुणी पाहुणा इंग्रजीत बोलू लागला, तर तो उठून बाहेर जायचा. त्याचे केस पांढरे झाले तरी.

आज मी वेराच्या नातीच्या कपाटात असते. माझ्यावर आता कुणी लिहीत नाही. शेजारच्या अंगणात एखाद्या मुलावर कुणी खेकसलं, की मला ते ऐकू येतं आणि मी अजून गार पडते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझं आयुष्य होऊन गेलं. पण तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत एखादं मूल कुठल्या तरी अनोळखी भाषेत रडू लागलं, तर त्याला हसू नका आणि दटावू नका. त्याच्यासमोर खाली बसा. त्याला काय हवंय, ते आधी समजून घ्या.