आकड्यात नसलेली आरती

तिसगावच्या शाळेतली आरती वक्तृत्व स्पर्धेचं भाषण बसवत होती. धोकादायक बालमजुरीचं प्रमाण नेपाळमध्ये जास्त आणि भारतात कमी, हे ती पाहणीतल्या आकड्यांसह मोठ्या ठसक्यात सांगायची. एकदा तिनं भाषणाची तयारी करून घेणाऱ्या जयामॅडमना विचारलं, "पन धोकादायक म्हंजे नेमकं काय, मॅडम?"

"लहान वयात धारदार हत्यारानं काम करणं, जड ओझी वाहणं."

आरती चपापली. दर हिवाळ्यात ती आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहायची, कोयता चालवायची, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकात चढवायची. तिला ते घरचंच काम वाटत आलं होतं.

"मॅडम, मग मी बी त्यातच की! पन आमच्या कोपीवर तर कुनीच मोजायला आलं न्हाई."

मॅडमनी भाषणाच्या कागदावर भारताच्या आकड्याखाली रेघ ओढली.

स्पर्धेत तिनं नेपाळचा आकडा सांगितला. भारताच्या आकड्यापाशी ती थांबली. "आपला आकडा मी सांगनार न्हाई," ती म्हणाली, "त्यात मी न्हाई."

बक्षीस दुसऱ्याच मुलीला मिळालं. परतताना एसटीत मॅडमनी हळूच विचारलं, "कोपीवर तुझ्याबरोबर आणखी कोण पोरं असतात?"

आरती एकेकाचं नाव सांगू लागली.