पाठमोऱ्या बाई

हेमाताईंनी लाल पेनाचं टोपण काढलं आणि तनयाने वही आपल्याकडे ओढून घेतली. ओढल्यावर लिहिलेल्या ओळींवर डावा तळवाही पालथा ठेवला.

"थांब ना आजी. अजून मोठ्याने वाचायची पायरी झाली नाहीये."

"कसली पायरी?"

"लिहिण्याची. आधी बघायचं, मग ते कुणाला तरी सांगायचं, मग लिहायचं, मग मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यात शेवटी खोडायचं. दीपमाला मिस म्हणतात, आधीच खोडायला लागलं ना, की आतलं बाहेर येतच नाही."

हेमाताईंनी टोपण लावलं, ते नीट बसलं आहे की नाही हे दोनदा दाबून पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.

बघा, सांगा, लिहा, वाचा, खोडा. मार्केट यार्डाजवळच्या शाळेत सातवीच्या फळ्यावर हे शब्द त्या दर जूनमध्ये एकाखाली एक लिहीत. इतर वर्गांत मुलं तेव्हा गाइडमधले निबंध पाठ करत होती. आणि दीपमाला ही त्याच वर्गातली. परभणीकडून यार्डात हमालीला आलेल्या नागोरावांची मुलगी. खाली मान घालून बसायची, विचारलं तरी बोलायची नाही. आता तिच्या क्लासच्या पाट्या बिबवेवाडीत चौकाचौकांत लागल्या होत्या. 'पाच पायऱ्यांत उत्तम लेखन.' पाटीवर हात बांधून हसणारा तिचा फोटोही होता.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. श्रीनिवास कंपनीतून नुकताच आला होता. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही राहिलं होतं.

"तनयाच्या क्लासचं म्हणते मी. घरात जन्मभर मराठी शिकवलेलं माणूस आहे म्हटलं."

"अगं, तिला आवडतं तिथे. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं जातात. वेटिंग लिस्ट आहे, आई."

"निबंधाला वेटिंग लिस्ट," हेमाताई म्हणाल्या. "बरं आहे. आमच्या वेळी ती गॅसला असायची."

श्रीनिवास हसला. तनयाही हसली, पण लगेच म्हणाली, "तुझ्यासमोर मला लिहिताच येत नाही, आजी. खरंच."

हेमाताईंनी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. तिला ती नको होती.

शनिवारी तनयाला आणायला त्या स्वतः गेल्या, तेही क्लास सुटायच्या बऱ्याच आधी. काय बोलायचं ते रिक्षात ठरवून झालं होतं. शब्द मोजके होते, पण दीपमालाला ते पुरले असते.

औषधांच्या दुकानावरचा हॉल होता. त्या दारात दिसताच दीपमालाने हातातला खडू खाली ठेवला.

"बाई, तुम्ही? या ना, बसा." तिने स्वतःचीच खुर्ची पुढे केली.

"बसते. माझंही नाव वेटिंग लिस्टमध्ये घालणार असशील तर उभी राहते."

मुलांना हसू आलं. दीपमालालाही आलं. ती जाड झाली होती, केस पांढरे झाले होते आणि बोलताना अडखळत नव्हती. फळ्यावर पाचही शब्द होते, त्याच क्रमाने. हेमाताईंनी ते वाचले आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

मुलांनी घरून एकेक गोष्ट पाहून आणली होती. कुणी पार्किंगमधली मांजर, तर कुणी आजोबांचं दाढी करणं. ते शेजारी बसलेल्याला सांगून झालं तशी दीपमाला म्हणाली, "चला, आता लिहायचं. मी पाठ फिरवते."

आणि ती खरोखर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

हेमाताई बघतच राहिल्या. त्या खिडकीतून काहीही दिसण्यासारखं नव्हतं. हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि तिच्यावर एसीचा एक डबा घरघरत होता. तरी दीपमाला हात मागे बांधून, मान जराशी डावीकडे झुकवून उभी होती. वर्गात पेनांचा आवाज होत होता. दुसऱ्या बाकावर तनया लिहीत होती. तिचा डावा हात बाकाखाली मोकळा लोंबत होता.

क्लास सुटला, मुलं जिना उतरली. तनया मैत्रिणीशी बोलत खाली थांबली.

"पायऱ्या ओळखीच्या वाटल्या," हेमाताई म्हणाल्या.

"वाटणारच, बाई. तुमच्याकडूनच ऐकल्या पहिल्यांदा." दीपमाला फळा पुसत होती. "पण खरं सांगू का, त्या आता कुठेही मिळतात. इंटरनेटवर टाका, दहा जणांच्या येतात. तेवढ्यासाठी पालक माझ्याकडे कशाला येतील? पाठ फिरवणं मात्र कुठे मिळत नाही. ते तुमचं."

"माझं?"

"म्हणजे काय! तुम्ही वर्गात फिरायला लागलात की माझा हात थांबायचा. आमच्या घरचं बोलणं वेगळं, 'आहे'च्या जागी 'हाय' लिहिलं की तुम्ही लगेच गोल करायचात. पण तुम्ही रोज थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभ्या राहायचात. तेव्हा मी भराभरा लिहून घ्यायची. तुमची पाठ बघत शिकले मी लिहायला." ती वळली. "मुद्दामच करायचात ना तुम्ही ते? आमच्यासाठी?"

शाळेच्या त्या खिडकीतून मैदानापलीकडची बालवाडी दिसे. तिथल्या मधल्या सुट्टीत निळी पिशवी गळ्यात अडकवलेला श्रीनिवास कडुलिंबाखाली एकटाच बसे, बाकीची मुलं पळत असत. आज तरी कुणी त्याला खेळायला घेतं का, हे त्या मान डावीकडे वाकवून बघत. मागे वर्ग आहे, हे तेवढा वेळ त्यांच्या लक्षातही नसे.

ठरवून आणलेले शब्द अजून होते. दीपमाला डस्टर हातात धरून उत्तराची वाट बघत होती.

"अर्थात," हेमाताई म्हणाल्या. "मुद्दामच."

रिक्षात तनयाने विचारलं, "कसा वाटला क्लास?"

"हवा नाही तिथे. खिडकी असून नसल्यासारखी."

रविवारी सकाळी तनया जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसली. हेमाताई भाजी निवडत समोर बसल्या होत्या. दोन ओळी झाल्या आणि मुलीचा तळवा वहीवर आला. हेमाताईंनी गवारीच्या शेंगा बाजूला सारल्या आणि त्या उठून खिडकीशी गेल्या.

"आजी, काय करतेस?"

"काही नाही. तुझं चालू दे."

पाठ फिरवून उभं राहणं त्यांना वाटलं होतं त्याहून कठीण गेलं. मान दोनदा वळायला निघाली. तनयाने ऱ्हस्व-दीर्घाची माती केली असणार, हे न बघताही कळत होतं. त्यांनी गज धरले.

खाली पार्किंगमध्ये श्रीनिवास फोनवर बोलत गाडीभोवती फेऱ्या मारत होता. रविवार असूनही. पलीकडे सोसायटीतली माणसं क्रिकेट खेळत होती. चेंडू त्याच्या पायाशी आला, तो त्याने न बघताच परत ढकलला. हेमाताईंची मान डावीकडे झुकली.

मागे पेन कागदावर सरकायला लागलं. थांबलं, पुन्हा सरकायला लागलं.

श्रीनिवासने फोन खिशात टाकला आणि सहज वर पाहिलं. त्यांना तिथे बघून त्याने हातानेच विचारलं, काय गं?

बालवाडीतून त्याने कधी वर पाहिलं नव्हतं.

त्यांनी खिडकीबाहेर हात काढून, मागे आवाज जाणार नाही अशा बेताने, त्याला क्रिकेटकडे बोट दाखवलं.